कप सध्या आमच्या कपाटावर आहे

आदरणीय व्याहीबुवा,

आपल्याला आणि विहीणबाईंना उभ्याउभ्याच नमस्कार. वाकून करायला हवा होता, पण सध्या कंबर परवानगी देत नाही. (कारण पुढे येईलच. आधी सांगितलं तर तुम्ही पत्र इथेच मिटवाल.) तुमचा खोकला, विहीणबाईंचा डावा गुडघा आणि दुकानाचं कुरकुरणारं शटर, या तिघांची तब्येत कशी आहे ते कळवावं. शटरला तेल घाला, गुडघ्याला शेक द्या. उलट करू नका. इकडे सगळे खुशाल. तुमची लेक आनंदात आहे, आणि किती आनंदात आहे हे सांगायलाच लिहायला बसलो. पत्र टपालात न टाकता माणसाच्या हाती धाडतो आहे. माणूस भला आहे. त्याला आत बसवावं, चहा द्यावा आणि पत्र सावकाश वाचावं. तो मधेमधे उठून दाराबाहेर डोकावेल, तिकडे लक्ष देऊ नये.

मोठी बातमी आधी देऊन टाकतो, म्हणजे तुम्ही बिनघोर पुढचं वाचाल. व्यापारी मंडळाच्या कुटुंब-दुहेरी टेबल टेनिस स्पर्धेचा कप सध्या आमच्या कपाटावर आहे. चांगला हातभर उंच, चकचकीत, दोन कानांचा. (एक कान जरा वाकडा आहे. मोठ्या माणसांच्या वस्तूंना असं काही ना काही असतंच.) येणारा-जाणारा बघतो, मी मान खाली घालून नम्रपणे हसतो, आणि आमची ही स्वयंपाकघरातून एवढ्या जोरात खाकरते की पाहुण्याला वाटावं घरात सर्दीची साथ आहे. पण ते जाऊ दे.

आता मुळापासून सांगतो. माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. जळलेल्या मोटारी सोडवायच्या, नवी तार गुंडाळायची, वार्निश पाजायचं आणि पुन्हा फिरत्या करायच्या. शाळा मला फारशी मानवली नाही, पण मोटारींनी जे काय सांगायचं ते मला कानात सांगितलं. बेअरिंग गेलं की आवाज खरखरतो, कॉइल गेली की घुमतो, आणि गिऱ्हाईक खोटं बोलत असलं की तेही मला आवाजावरूनच कळतं. ('साहेब, पाणी अजिबात लागलेलं नाही' म्हणतात, आणि मोटार उघडली की आत पोहता येईल.) तर दुपारी खाली वर्कशॉपमध्ये काम चालू असलं की वरच्या मजल्यावरून, म्हणजे आमच्या घरातून, एक आवाज यायचा. टक... टक-टक... टक... टक-टक. बराच वेळ चालायचा, कुठे अडखळायचा नाही, कुठे वेग चुकायचा नाही. एवढी समतोल फिरणारी वस्तू माझ्या घरात एकही नाही, हे मी खात्रीने सांगतो. म्हणून एकदा पाणी प्यायच्या निमित्ताने वर गेलो. (खाली पाण्याचा माठ भरलेला होता. निमित्त कच्चं होतं हे मान्य.)

बघतो तर सूनबाई भाजी चिरायची फळी हातात घेऊन फ्रिजशेजारच्या भिंतीवर एक पांढरा चेंडू मारत होती. मला पाहताच चेंडू टोमॅटोच्या टोपलीत गेला आणि फळी पाठीमागे.

"काही नाही बाबा, झुरळ होतं."

"एवढ्या तालात मरणारं झुरळ मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं," मी म्हटलं.

मग हसली आणि म्हणाली, की पूर्वी थोडं खेळायचे, मग सुटलं. व्याहीबुवा, हा 'सुटलं' शब्द तिने ज्या आवाजात उच्चारला ना, तो आवाज मी रोज ऐकतो. गिऱ्हाईक मोटार आणून टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, बंद पडली, आता काही उपयोग नाही, भंगारात घाला. आणि मी आस हाताने फिरवून बघतो तर ती फक्त रुसलेली असते. तुमची लेक रुसलेली होती. कुणावर, ते मला तेव्हा कळलं नाही. पण भंगारात घालायची वस्तू ती नव्हे, एवढं पक्कं कळलं.

त्याच आठवड्यात मंडळाने कुटुंब-दुहेरी जाहीर केली. एका घरातले कुणीही दोघे. मी कुणाला न विचारता चिरंजीव आणि सूनबाई अशी जोडी देऊन आलो. चिरंजीव हिशेबात हुशार, पण हलणाऱ्या वस्तूंशी त्याचं लहानपणापासून जमत नाही. सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी त्याचा पाय चेंडूवर पडला. चेंडू शाबूत राहिला, घोटा सुजला. सूनबाई लगेच म्हणाली, मग राहू दे बाबा, आपलं नाव काढून घ्या. बोलली काळजीने, पण त्या आवाजात मला सुटकेचा निश्वास ऐकू आला. तेव्हा मी जाहीर केलं की मी खेळणार.

हिने नुसतं माझ्या पोटाकडे पाहिलं. मी म्हटलं, लहानपणी जेवणाच्या सुट्टीत आम्ही पोरं खोक्यांवर फळी टाकून खेळायचो, मला येतं. ही म्हणाली, "तेव्हा खोक्याच्या बाजूने फिरता यायचं तुम्हाला." मी सूनबाईला बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं. आमच्या पलीकडच्या गल्लीतला दंतवैद्य दरवर्षी बायकोबरोबर ही स्पर्धा जिंकतो. हा गृहस्थ माझ्या तोंडात दोन्ही हात आणि तीन हत्यारं घालून मला विचारतो, 'काय, यंदा कप कोण नेणार?' आणि मी उत्तर देऊ शकत नाही हे त्याला माहीत असतं. त्याला एकदा घाम फुटलेला बघायचा आहे, बाकी काही नको. यावर ती खरंच हसली आणि तयार झाली. फक्त एक अट घातली. 'बाबा, अगदी शेवटच्या गुणाला सर्व्हिस माझ्याकडे आली तर मी जमेल तशी करीन, मला काही बोलायचं नाही.' मी विचार न करता हो म्हटलं. आता वाटतं, तिथेच कान टवकारायला हवे होते.

पहिल्या फेऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. तुमची लेक मारत होती आणि मी तिच्या मारण्यातून उरलेले चेंडू पलीकडे ढकलत होतो. त्यातही माझा कान कामी आला. चेंडू बॅटला घासून निघाला की आवाज ओला येतो, ठोकून निघाला की कोरडा. ओला ऐकू आला की मी बॅट हळूच धरायचो, कोरडा आला की डोळे मिटून घ्यायचो. दोन्ही उपाय लागू पडले आणि आम्ही अंतिम फेरीत पोचलो. मंडळाच्या गोदामावरचा तो हॉल गच्च भरलेला. पंखा कुरकुरतोय (बुशिंग गेलंय, मी मंडळाला दोनदा सांगितलं), भिंतीलगत बक्षिसांचं टेबल, पंचाच्या खुर्चीवर घड्याळं दुरुस्त करणारे आमचे घड्याळजी, आणि समोर दंतवैद्य पती-पत्नी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, जणू दोन नवीन दातच उभे केलेत.

तुम्हाला नियम सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण विहीणबाईही वाचतील म्हणून सांगतो. दुहेरीत एकाच जोडीतल्या दोघांनी आळीपाळीने चेंडू मारायचा असतो. म्हणजे मी मारला की मी ताबडतोब बाजूला व्हायचं आणि मागून सूनबाईने पुढे यायचं. आता मी बाजूला होणं ही क्रिया जरा वेळ घेते. एरवी कुणीही ओरडलं असतं. पण सासऱ्याला ओरडणार कसं? समोर सासू बसलेली, शेजारीपाजारी बसलेले. तुम्ही लेकीला इतकं छान वळण लावलंय की ती माझ्या पाठीमागे उभी राहून हळू आवाजात म्हणायची, 'बाबा, जरा सरकता का?' मी 'हो हो, ये ना' म्हणत अदबीने सरकायचो. एवढं सौजन्य पार पडेपर्यंत चेंडू भिंतीला लागून परत यायचा. पहिला गेम आम्ही निव्वळ चांगल्या संस्कारांमुळे हरलो. दंतवैद्याला घामाचा टिपूस नाही. उलट मला बघून तो हसला, तेच हत्यारं घातलेलं हसू.

गेम संपल्यावर घाम पुसताना मी कान लावला. पलीकडे दंतवैद्यीण नवऱ्याला झापत होती, 'तिथे काय पाटी लावून उभा होतास? मला दिसलं पाहिजे का नाही?' आणि तो निमूट मान डोलवत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही माणसं जिंकतात ती खेळ येतो म्हणून नाही, एकमेकांचा मुलाहिजा ठेवत नाहीत म्हणून. मी सूनबाईला म्हटलं, मला ओरड.

"अहो बाबा, कसं ओरडू? आई समोर बसल्यात."

"खेळ संपेपर्यंत मी तुझा सासरा नाही. मी वाटेत पडलेलं सामान आहे. सामानाला काय म्हणतेस तू?"

दुसरा गेम सुरू झाला. दोन-चार गुण पुन्हा 'जरा बाबा' मध्ये गेले. मग एक चेंडू असा उंच, गोजिरवाणा आला की तो न मारणं पाप. आणि मी नेमका मधोमध. पाठीमागून आवाज आला, असा की वरच्या पंख्याची कुरकुर थांबली.

"सरक की, खांबा!"

मी कसा सरकलो, कुठे सरकलो, मला आठवत नाही. कानाजवळून वारा गेला आणि दंतवैद्याच्या चष्म्याशेजारून चेंडू निघून गेला. गुण आमचा. हॉलमध्ये मात्र सगळ्यांच्या माना वळल्या त्या आमच्या हिच्याकडे. हिने पाण्याची बाटली तोंडाला लावलेली, ती तशीच धरलेली. सूनबाईचा चेहरा पांढराफटक. मग हिने बाटली शांतपणे खाली ठेवली, उभी राहिली आणि ओरडली, "अगं, आणखी डावीकडे ढकल त्यांना! मी लग्न झाल्यापासून सांगतेय, वाटेतच उभे राहतात!"

व्याहीबुवा, त्यानंतर आमच्या घराण्यात जे संभाषण झालं ते तुमच्या कानावर न आलेलंच बरं. 'हल', 'वाक', 'मर बाजूला', 'झोपलास का?' अशी विशेषणं आणि आज्ञा तुमच्या लेकीकडून, आणि दिशा हिच्याकडून. मी घरचं गाढव असल्यासारखा इकडून तिकडे पळत होतो, आणि खरं सांगतो, एवढा आनंद मला नवीन वर्कशॉप उघडलं तेव्हाही झाला नव्हता. दुसरा गेम आमचा. दंतवैद्याच्या कपाळावर घाम. मी तो डोळे भरून पाहिला.

तिसरा गेम नऊ-नऊपर्यंत गेला आणि सर्व्हिस आली सूनबाईकडे. मला वाटलं, झालं काम. पण तिने चेंडू तळहातावर ठेवला, उचलला आणि पुन्हा ठेवला. जिच्या बॅटचा आवाज एकदाही चुकला नव्हता, तिने अगदी आखूड, भित्री सर्व्हिस केली. चेंडू जाळीत. नऊ-दहा. आता त्यांना एकच गुण हवा, आणि सर्व्हिस पुन्हा तिचीच. ती चेंडूकडे असं बघत होती की मला चेंडूची कीव आली. मी घड्याळजींकडे वेळ मागितला. ते म्हणाले एक मिनिट, आणि मनगट डोळ्यांसमोर धरून बसले. (या माणसाकडून एकसष्टावा सेकंद कुणाला मिळालेला नाही.)

मी अट पाळली, काही बोललो नाही. नुसता टॉवेल पुढे केला. तीच बोलायला लागली. म्हणाली, वसतिगृहात असताना एका मोठ्या स्पर्धेतही असंच झालं होतं. जिंकत आले होते, नाना (म्हणजे तुम्ही) कोपऱ्यात उभे राहून ओरडत होते, आणि शेवटी मी लांब, जोरातली सर्व्हिस करायला गेले ती जाळीत. हरले. बसमध्ये नाना शेजारी बसले होते, पण वसतिगृह येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी उतरले तेव्हा नुसता हात हलवला. सुट्टीत घरी गेले तर दुकानामागच्या माझ्या सरावाच्या टेबलावर चादर आणि चादरीवर वह्यांचे गठ्ठे. तेव्हा समजले काय ते.

आणि व्याहीबुवा, माझ्या कानात कुठेतरी तार जुळली. लग्नाच्या वेळी विहीणबाईंनी मला हसत हसत एक गोष्ट सांगितली होती. 'आमचे हे कुठल्याशा सामन्यात एवढे ओरडले, एवढे ओरडले, की घसा पार बसला. घरी आले ते हातवारे करत. मग आठवडाभर दुकानातली पाटी गळ्यात अडकवून फिरत होते. चहा हवा तरी खडूने लिहायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं पाट्यांची जाहिरात आहे.' सामना कुठला ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, अगं वेडे, ते रागावले नव्हते. त्यांचा घसा बसला होता. तुझ्या नावाने ओरडून. तू वसतिगृहावर उतरलीस, म्हणून तुला पाटी दिसली नाही.

मग तिने विचारलं, "चहासुद्धा लिहून?" मी म्हटलं, साखर कमी, हेसुद्धा. आणि ती हसायला लागली. अशी हसली की टॉवेल तोंडात कोंबावा लागला, डोळ्यांतून पाणी, खांदे हलतायत. दंतवैद्याला वाटलं ही त्यालाच हसतेय, तो कावराबावरा होऊन स्वतःची बटणं तपासायला लागला. घड्याळजी म्हणाले, वेळ संपला. ती टेबलाशी गेली तीही हसतच. चेंडू वर टाकला, आणि तीच सर्व्हिस. लांब, जोरातली, कोपऱ्यातली. मी आवाज ऐकला, व्याहीबुवा. कोरडा, खणखणीत, आतून कुठेही न चिरलेला. दंतवैद्य बॅट उचलेपर्यंत चेंडू त्याच्या मागच्या खुर्चीखाली गेला होता. दहा-दहा!

हॉल उठून उभा राहिला. चिरंजीव सुजलेल्या घोट्यावर नाचला आणि मग बसून विव्हळला. हिने शेजारच्या बाईंना मिठी मारली, त्यांच्याशी बोलत नाही हे विसरून. आणि सूनबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, बघितलंत?" मी म्हटलं, ऐकलं.

त्यापुढे सांगण्यासारखं विशेष काही घडलं नाही. कप सध्या आमच्या कपाटावर आहे, हे वर लिहिलंच आहे. तेव्हा सगळ्यांना यथायोग्य सांगून पत्र पुरं करतो. खोकल्याची काळजी घ्यावी, त्या घशाचं काम अजून शिल्लक आहे.

आपला,
तुमच्या लेकीचा खांब

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. तुमच्या दुकानामागच्या खोलीत ते टेबल आहे ना, वह्यांच्या गठ्ठ्यांखाली? ते इकडे हवं होतं. वर्कशॉपची मागची बाजू मी रिकामी केली आहे, जुन्या मोटारी हलवल्या, भिंतीला पांढरा रंग मारला, दिवे लावले. भाजी चिरायची फळी हिला परत हवी आहे. तुम्ही 'बघू, सवडीने पाठवू' म्हणाल हे ओळखून आहे. म्हणून सांगतो, समोर चहा पीत बसलेला माणूस टेंपोचा ड्रायव्हर आहे आणि टेंपो तुमच्या दाराशी उभा आहे. दुकानाची वाट अडली असेल, त्याबद्दल क्षमस्व. गठ्ठे उचलायला तो मदत करील, मी बजावून ठेवलं आहे.

आणखी एक ता. क. हिने पत्र मागून घेऊन वाचलं (मी नको म्हणत होतो), आणि खालचं लिहिल्याशिवाय पाकीट बंद करू देत नाही. दहा-दहानंतरचे दोन्ही गुण मी घालवले. एक चेंडू मी ट्यूबलाइटला मारला. दुसरा घ्यायला उलटा पळत मागे गेलो आणि बक्षिसांच्या टेबलावर बसलो. कपाचा कान तुटला तो तेव्हा, आणि कंबर गेली तीही तेव्हाच. कप दंतवैद्यांचा आहे. आमच्याकडे कान झाळून (डाग देऊन) जोडायला आला आहे. कान केव्हाच बसवून झालाय, पण रंग वाळायला वेळ लागतो असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. तुम्ही येऊन बघेपर्यंत तो वाळणार नाही.

शेवटचा ता. क. (हे सूनबाईचं अक्षर आहे. मी फक्त कागद धरला आहे.)

नाना, टेबल पाठवू नका. घेऊन या. ड्रायव्हरकाकांना शेजारची जागा रिकामी ठेवायला सांगितलीय. पुढच्या वर्षीही मी आणि बाबाच खेळणार आहोत, तेव्हा ओरडायला माणूस लागेल. घसा बसला तर बसू दे. येताना पाटी आणा.